अर्ध्या वर्दीतले आठ शिपाई

पोलीस भरतीची जाहिरात आली की आमच्या वस्तीजवळचे मैदान पहाटेच जागे होते. पाच वाजायच्या आत, अंधारातच पोरे धावायला लागतात. मुलगे सोळाशे मीटर, मुली आठशे मीटर. कोणाच्या पायात धड बूट असतात, कोणाच्या नसतात. एकजण घड्याळ लावून वेळ मोजतो, दुसरा गोळाफेकीचा गोळा हातात घेऊन उभा असतो.

गेल्या भरतीच्या वेळी मैदानाच्या कठड्यावर एक वृद्ध गिरणी कामगार बसले होते. घाम पुसत आलेल्या नातवाला त्यांनी आमच्यादेखत विचारले, "ज्यांच्या लाठ्या आम्ही खाल्ल्या, त्यांच्यातच जायचं म्हणतोस?" नातू जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा, आपण नाही गेलो तर लाठ्या थांबणार आहेत का?" आजोबा काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. पण तो प्रश्न आमच्याबरोबर घरी आला.

हा प्रश्न त्या एका घरातला नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि आपली १० माणसे गेली. तो दिवस ज्याने पाहिला त्याला खाकी कपडा दिसला की पोटात गोळा येतो. आणि त्याच वस्त्यांतून आज पोरे-पोरी खाकीसाठी धावतात. आजोबांचे खरे की नातवाचे?

हाच प्रश्न पाऊणशे वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडच्या एका शहरातल्या काळ्या माणसांपुढे उभा होता. त्यांनी त्याचे उत्तर कसे शोधले आणि त्या उत्तराने काय झाले, काय झाले नाही, ते आपल्या घराघरांत वाचले जावे म्हणून आज ही हकिकत सांगत आहोत.

शहर आणि त्याचा पहारा

अमेरिकेच्या दक्षिणेला जॉर्जिया नावाचे राज्य आहे. अटलांटा ही त्याची राजधानी. आपल्याकडे मनमाड-भुसावळ जसे रेल्वेमुळे वाढले, तसे हे शहर रेल्वेच्या रुळांवरच जन्माला आले. १८४७ साली त्याला अटलांटा हे नाव मिळाले. गुलामगिरीच्या प्रश्नावर पेटलेल्या यादवी युद्धात १८६४ साली ते जळाले. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. शहर पुन्हा बांधले गेले आणि १८७३ साली त्याचे पोलीस खाते रीतसर उभे राहिले.

पण पहारा त्याआधीपासूनच होता. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेत गोऱ्यांच्या टोळ्या रात्री गस्त घालीत. रस्त्यात काळा माणूस दिसला की त्याच्याकडे मालकाची चिठ्ठी मागायची, नसेल तर फटके द्यायचे. गुलामगिरी गेली, पण चिठ्ठी मागण्याची सवय गेली नाही. नवे कायदे आले. कामधंदा नसलेला माणूस 'भटक्या' म्हणून पकडायचा, दंड करायचा, दंड भरला नाही की कैदेत टाकायचे. पुढे तोच कैदी कारखानदाराला भाड्याने द्यायचा. १८६८ पासून १९०८ पर्यंत जॉर्जियात असे कैदी भाड्याने दिले जात होते, आणि त्यांत बहुतेक काळेच होते. अटलांटाजवळच्या एका मोठ्या वीटभट्टीवर अशा कैद्यांकडून मरेस्तोवर काम करून घेत. त्या भट्टीचा मालक जेम्स इंग्लिश हा शहराचा माजी महापौर होता, आणि शहराच्या पोलिसांवर देखरेख करणाऱ्या मंडळावरही तो होता. पकडणारा, विकणारा आणि राबवून घेणारा असे एकाच घरात नांदत होते.

आपल्या वाचकांना हे परके वाटणार नाही. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आठवावा. गुन्हा काय केला हे विचारायचेच नाही. अमुक जमातीत जन्मला एवढे पुरे, की पोलीस ठाण्यात हजेरी सुरू.

१९०६ चे तीन दिवस

सप्टेंबर १९०६ मध्ये अटलांटाच्या वर्तमानपत्रांनी काळ्यांनी गोऱ्या स्त्रियांवर हल्ले केल्याच्या भडक बातम्या छापल्या. त्यांतल्या बहुतेक खोट्या किंवा फुगवलेल्या होत्या. २२ सप्टेंबरच्या रात्री हजारो गोऱ्यांचा जमाव रस्त्यावर उतरला. ट्राममधून, न्हाव्याच्या दुकानांतून काळी माणसे ओढून काढली आणि मारली. तीन दिवसांत निदान २५ काळी माणसे मेली.

पोलीस काय करत होते? जमाव आवरण्यात ते कमी पडले. पण तिसऱ्या दिवशी शहराच्या दक्षिणेला ब्राउन्सव्हिल या काळ्यांच्या वस्तीत लोक स्वसंरक्षणासाठी जमले आहेत अशी खबर लागली, तेव्हा पोलीस ताबडतोब तिथे पोचले. गोळ्या झाडल्या गेल्या, एक पोलीस मेला. मग वस्तीत शिरून अडीचशेच्या वर काळ्या पुरुषांना धरून नेले. मार खाणाराच आरोपी झाला.

त्या वेळी अटलांटा विद्यापीठात एक काळे प्राध्यापक शिकवत होते. त्यांचे नाव डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस. दंगल उसळली तेव्हा ते परगावी होते. बायको-मुलीच्या काळजीने धावत परतले आणि दारात बंदूक घेऊन बसले. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

दंगलीनंतर जॉर्जियाने शिक्षा कोणाला दिली? काळ्यांना. १९०८ साली मतदानाच्या अटी अशा बदलल्या की काळ्यांची नावे यादीतून गळून पडावीत. खरी निवड होत असे सत्ताधारी पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत, आणि तिथे तर फक्त गोऱ्यांनाच मत होते. मत नाही म्हटल्यावर नगरपालिकेत विचारणार कोण, आणि पोलिसाला जाब विचारणार कोण?

मताची किंमत

ऑबर्न ॲव्हेन्यू हा अटलांटातल्या काळ्यांचा मुख्य रस्ता. दुकाने, विमा कंपन्या, वर्तमानपत्र, देवळे, सारे त्यांचे स्वतःचे. मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म १९२९ साली याच रस्त्यावरच्या घरात झाला. या रस्त्यावर सर्वांत वजनदार माणूस होता जॉन वेस्ली डॉब्स. तो गडगंज श्रीमंत नव्हता. रेल्वेच्या टपाल डब्यात पत्रांची वर्गवारी करण्याची नोकरी त्याने तीस वर्षांच्या वर केली. सहा मुली होत्या, सगळ्यांना उच्च शिक्षण दिले. आणि गल्लोगल्ली एकच गोष्ट सांगत फिरला, की मतदार यादीत नाव घाला.

महापौर हार्ट्सफील्ड यांच्याकडे डॉब्स आणि इतर पुढारी काळे पोलीस नेमा म्हणून जात, तेव्हा महापौर म्हणत की आधी दहा हजार मते घेऊन या, मग बोलू, असे सांगतात. उत्तर उद्धट होते, पण खोटे नव्हते.

दुसऱ्या महायुद्धातून काळे सैनिक घरी परतले. हिटलरविरुद्ध बंदूक चालवलेल्या माणसाला आपल्याच गल्लीत गोरा शिपाई 'ए पोरा' म्हणून हाक मारी. या माजी सैनिकांनी १९४६ साली पोलिसांत घ्या म्हणत नगरपालिकेवर मोर्चा नेला. त्याच वर्षी न्यायालयाने जॉर्जियातली फक्त गोऱ्यांची पक्षनिवडणूक बेकायदा ठरवली. कोलंबस गावच्या प्रायमस किंग नावाच्या काळ्या माणसाने तो खटला लढवला होता. मतदानावरचा करही १९४५ साली रद्द झाला होता.

मग डॉब्स आणि ए. टी. वॉल्डेन नावाचे वकील यांनी सर्व गट एकत्र केले. घरोघरी माणसे गेली. देवळांत प्रवचनानंतर नावनोंदणीची घोषणा होऊ लागली. शाळेतल्या बाई, धोबिणी, हमाल, मोलकरणी कचेरीपुढे रांगेत उभ्या राहिल्या. सुमारे ५० दिवसांत १८ हजारांच्या आसपास नवी नावे यादीत चढली. आधी काळे मतदार सात हजारांच्या घरात होते, ते २१ हजारांच्या पुढे गेले. महापौरांनी मागितली त्याच्या दुप्पट मते.

त्याच जॉर्जियातल्या सव्हाना शहराने १९४७ साली ९ काळे पोलीस नेमले. डिसेंबर १९४७ मध्ये अटलांटाच्या नगरसभेत ठराव आला. १० विरुद्ध ७ मतांनी तो पास झाला. आठ काळे पोलीस नेमायचे ठरले. तीन मतांचे हे अंतर काही गोऱ्यांच्या दयेने पडले नव्हते. ते त्या रांगांत उभ्या राहिलेल्या बायाबापड्यांचे होते.

आठजण आणि एक तळघर

त्यांची नावे सांगतो, कारण अशी नावे पाठ्यपुस्तकांत येत नाहीत. क्लॉड डिक्सन, विली एल्किन्स, हेन्री हूक्स, जॉनी जोन्स, अर्नेस्ट लायन्स, रॉबर्ट मॅकिबन्स, जॉन सँडर्स आणि विलार्ड स्ट्रिकलंड. बहुतेक लष्करात राहून आलेले, काहींनी महाविद्यालयाची पायरी चढलेली.

३ एप्रिल १९४८ रोजी संध्याकाळी ते पहिल्यांदा गस्तीवर निघाले. ऑबर्न ॲव्हेन्यूवर बघायला गर्दी लोटली. बायका मुलांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. आपल्या रंगाचा माणूस बिल्ला लावून चालतो आहे, ही गोष्ट त्या गल्लीने डोळे भरून पाहिली.

पण आता त्या वर्दीच्या अटी ऐका.

हे आठजण फक्त काळ्यांच्या वस्तीत गस्त घालतील. गोऱ्या माणसाला अटक करू शकणार नाहीत. डोळ्यांदेखत गोऱ्याने गुन्हा केला तर त्याला थांबवून ठेवायचे, गोऱ्या पोलिसाला निरोप धाडायचा आणि तो येईपर्यंत वाट बघायची. मुख्य पोलीस ठाण्यात त्यांना जागा नाही. बटलर स्ट्रीटवर काळ्या तरुणांसाठी वायएमसीए या संस्थेची इमारत होती, तिच्या तळघरात त्यांची चौकी. हजेरी तिथेच, कपडे बदलणे तिथेच. मोटार नाही, पायी फिरायचे. संध्याकाळी सहा ते रात्री दोन एवढीच पाळी. कामावर नसताना वर्दी अंगावर दिसता कामा नये. कोर्टात साक्षीला जायचे तर साध्या कपड्यांत जायचे, म्हणजे गोऱ्या न्यायाधीशासमोर काळा माणूस पोलीस दिसायला नको!

आमच्या वाचकांना हे वाचून आपले पूर्वज आठवले असतील. आपला आजा-पणजा गावच्या वेशीवर वेसकर म्हणून रात्र जागवीत असे. चोराचा माग काढायचा त्याने. सरकारी खजिना, सांगावा पोचवायचा त्याने. शेताच्या हद्दीचा तंटा झाला तर साक्ष त्याची. गाव राखायचे त्याने, पण त्याच गावच्या विहिरीला हात लावायचा नाही. काठी हातात दिली, हक्क दिला नाही. अटलांटाच्या आठजणांची वर्दीही तशीच अर्धी होती.

मग त्यांनी ती घेतली कशाला? फेकून का दिली नाही? काळ्यांमध्येही तेव्हा यावर वाद झाले. असल्या अटींवर जाणे म्हणजे अपमानावर सही करणे, असे म्हणणारे होते. आधी आत पाय ठेवू, अटी नंतर तोडू, असे म्हणणारेही होते. आठजणांनी दुसरी वाट धरली, आणि ती सोपी नव्हती. एका बाजूला गोरे सहकारी, ज्यांना ते डोळ्यात खुपत. दुसऱ्या बाजूला आपलेच लोक. दारूचे बेकायदा गुत्ते आणि जुगाराचे अड्डे चालवणाऱ्यांना हे नवे शिपाई नकोच होते. आणि साध्या माणसाला वाटे की आपला माणूस आहे, सोडून देईल. आपल्या माणसाला कायदा लावायचा, आणि परक्याला लावायची परवानगी नाही! तरी त्यांच्या गस्तीच्या टापूत पोलीस या शब्दाचा अर्थ हळूहळू बदलत गेला. भांडण झाले, चोरी झाली, नवऱ्याने मारले तर बोलवावे असा कोणीतरी पोलिसांत आहे, हे बायकांना कळले.

त्यांना शपथ देणारे पोलीसप्रमुख हर्बर्ट जेंकिन्स हे स्वतः गोरे. तरुणपणी इतर अनेक गोऱ्या शिपायांसारखे आपणही कु क्लक्स क्लान या काळ्यांचा द्वेष करणाऱ्या गुप्त संघटनेत होतो, हे त्यांनी पुढे कबूल केले. तोच माणूस १९४७ पासून १९७२ पर्यंत प्रमुख राहिला, आणि १९६७ साली अमेरिकेतल्या वांशिक दंगलींची चौकशी करणाऱ्या केर्नर आयोगाचा सदस्य झाला. माणूस बदलू शकतो, हे तथागतांनी अंगुलिमालाच्या निमित्ताने आपल्याला सांगितलेच आहे. पण जेंकिन्स यांना बदलायला २१ हजार मतांची मदत झाली, हेही विसरू नये.

बाबासाहेबांनी आधीच मागितले होते

आता आपल्याकडे वळू. अटलांटाच्या या ठरावाच्या १९ वर्षे आधी, १९२८ साली, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला निवेदन दिले. अस्पृश्य वर्गासाठी घटनेत कोणते संरक्षण हवे याची यादी त्यात होती. शिक्षणाची मागणी होती, नोकऱ्यांची होती. आणि सैन्य, आरमार व पोलीस यांत भरतीचा हक्क मान्य करा, प्रत्येक जिल्ह्यात अस्पृश्य वर्गातलाच एक खास पोलीस इन्स्पेक्टर नेमा, अशाही मागण्या होत्या.

जिल्ह्याला एक इन्स्पेक्टर! ही मागणी कुठून आली असेल हे समजायला फार लांब जावे लागत नाही. आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या तळ्यावरून परतणाऱ्या आपल्या माणसांना सनातन्यांनी झोडपले होते. गावाने बहिष्कार टाकला, झोपड्या जाळल्या, पाणी तोडले तर माणूस फिर्याद घेऊन जाणार कुठे? फिर्याद लिहून घेणारा त्याच गावच्या बाजूचा. पंच त्यांचे, साक्षीदार त्यांचे. कायदा कागदावर कितीही चांगला असला तरी तो ज्याच्या हातात आहे त्या हाताची जात आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी नुसती नोकरी मागितली नाही. फिर्याद लिहिणारा हात मागितला.

आणि डुबॉइस? १९४६ साली, अटलांटात मतदार नोंदणीच्या रांगा लागल्या होत्या त्याच वर्षी, बाबासाहेबांनी या डुबॉइस यांना अमेरिकेत पत्र लिहिले. अमेरिकेतल्या निग्रोंचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडले जात आहे असे कळले होते. अस्पृश्यांचा प्रश्नही तसाच मांडावा असा विचार बाबासाहेबांच्या मनात होता, म्हणून त्यांनी त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. दोघांच्या स्थितीत किती साम्य आहे हे त्यांनी लिहिले. त्याच वर्षी जुलैअखेर डुबॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तर आले. १९०६ साली दारात बंदूक घेऊन बसलेला माणूस आणि महाडच्या तळ्याचे पाणी प्यालेला माणूस यांनी एकमेकांना ओळखले होते.

तळघरातून वर

अर्धी वर्दी पुरी व्हायला चौदा वर्षे लागली. १९६२ साली आयव्हन ॲलन महापौर झाले. त्यांच्या कारकिर्दीत काळ्या पोलिसांना गोऱ्यांनाही अटक करण्याचा अधिकार मिळाला. बिल्ल्याचा अर्थ आता सगळ्यांसाठी एक झाला.

ऑबर्न ॲव्हेन्यूवरच्या आपल्या चर्चमध्ये ४ जुलै १९६५ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी एक आठवण सांगितली. १९५९ साली ते भारतात आले असताना केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली ती 'अमेरिकेतला आपल्यासारखाच अस्पृश्य' अशी. आधी त्यांना राग आला. मग विचार केल्यावर पटले, की होय, मी अस्पृश्यच आहे. ज्या रस्त्यावर हे शब्द बोलले गेले, त्याच रस्त्यावर त्या आठजणांनी पहिली गस्त घातली होती.

१९७३ साली अटलांटाने पहिला काळा महापौर निवडला, मेनार्ड जॅक्सन. हा त्या टपाल डब्यातल्या डॉब्सचा नातू. त्याच साली काळ्या पोलिसांच्या संघटनेने भरती आणि बढतीतल्या भेदभावाविरुद्ध आपल्याच खात्यावर खटला भरला. आत शिरलेली माणसे आत गेल्यावर गप्प बसली नाहीत, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

आणि त्याच १९७३ साली बेव्हर्ली हार्वर्ड नावाची एक तरुण काळी बाई खात्यात दाखल झाली. त्याची कथा गमतीची आहे. पोलिसांत बाई हवी तर ती धिप्पाड, दांडगी हवी, असे तिच्या नवऱ्याचे म्हणणे. या बाईंनी शंभर डॉलरची पैज लावली आणि भरती होऊन दाखवली. १९९४ साली त्याच बेव्हर्ली हार्वर्ड अटलांटाच्या पोलीसप्रमुख झाल्या. अमेरिकेतल्या मोठ्या शहराच्या पोलीसप्रमुखपदी बसलेल्या त्या पहिल्या काळ्या स्त्री. त्या २००२ पर्यंत पदावर होत्या. ज्या खात्याने ४६ वर्षांपूर्वी काळ्या शिपायाला तळघरात ठेवले, त्याच्या सर्वांत वरच्या खुर्चीवर काळी बाई बसली. मैदानात आठशे मीटर धावणाऱ्या आमच्या लेकींनी हे लक्षात ठेवावे.

पण एवढ्यावर संपत नाही

गोष्ट इथेच थांबवली असती तर वाचायला गोड वाटली असती. पण मग आजोबांच्या प्रश्नाशी आम्ही बेइमानी केली असती.

१९७९ ते १९८१ या दोन वर्षांत अटलांटात एकामागून एक काळी मुले नाहीशी होऊ लागली आणि त्यांची प्रेते सापडू लागली. वीसपेक्षा जास्त जीव गेले. सगळी गरीब घरांतली. महापौर काळे, पोलीस खात्याच्या वरचे अधिकारी काळे. तरी सुरुवातीला आयांचे कोणी ऐकले नाही. पोरगा पळून गेला असेल, येईल परत, अशी उत्तरे मिळाली. शेवटी कॅमिल बेल नावाच्या आईने, जिचा मुलगा मारला गेला होता, इतर आयांना जमवून समिती काढली आणि आरडाओरडा केला. तेव्हा कुठे सरकार हलले.

२१ नोव्हेंबर २००६ रोजी अटलांटाचे पोलीस कॅथरिन जॉन्स्टन या ९२ वर्षांच्या काळ्या आजीबाईंच्या घराचे दार तोडून आत शिरले आणि गोळ्या घालून त्यांना ठार केले. घरात अमली पदार्थ आहेत असे न्यायाधीशाला खोटे सांगून त्यांनी वॉरंट मिळवले होते. काही सापडले नाही, तेव्हा स्वतःच गांजा आणून ठेवला. त्या वेळी महापौर काळी स्त्री होती आणि पोलीसप्रमुख काळे होते. पुढे तीन पोलिसांना तुरुंगवास झाला, आणि लोक उठले म्हणून २००७ साली पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पाहणारे नागरिकांचे मंडळ नेमावे लागले.

म्हणजे काय? खुर्चीवर आपला माणूस बसला की काम झाले, असे होत नाही. खात्याला जुन्या सवयी असतात. वर्दी चढली की आपला माणूसही त्या सवयींना लागू शकतो. वस्ती जागी असेल तरच तो जागा राहतो. १९४६ साली बायाबापड्या मतदार नोंदणीच्या रांगेत होत्या, १९८० साली आया रस्त्यावर होत्या. त्या नसत्या तर आठ शिपाईही झाले नसते आणि मुलांचा तपासही झाला नसता.

मैदानातल्या पोरांना

म्हणून आजोबांचेही खरे आणि नातवाचेही खरे, असे आम्हाला वाटते. नातवाने जावे. जरूर जावे. फिर्याद लिहिणारा हात आपला असावा ही बाबासाहेबांची मागणी होती, ती अजून पुरी झालेली नाही. पण जाताना आजोबांचा प्रश्न खिशात ठेवून जावे, आणि ठाण्यात एखादी रडवेली बाई फिर्याद घेऊन येईल तेव्हा तो आठवावा.

वस्तीनेही आपले काम सोडू नये. काही साध्या गोष्टी घरातल्या सर्वांना ठाऊक असाव्यात. फिर्याद नोंदवल्यावर तिची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्यावी. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. याच कायद्याच्या चौथ्या कलमाने कर्तव्यात मुद्दाम कसूर करणाऱ्या बिगर-दलित सरकारी नोकराला शिक्षा सांगितली आहे, आणि पोलीसही त्यात येतात. १९९० पासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्या आपल्या माणसांनाही केंद्राने अनुसूचित जातीत धरले आहे. 'तुम्ही बौद्ध, तुम्हाला हा कायदा नाही' असे कोणी सांगितले तर ते ऐकून परत फिरू नये. आणि एकट्याने जाऊ नये. चार बायका, दोन शिकलेली पोरे, विहारातले कार्यकर्ते असे मिळून जावे.

त्या सकाळी आजोबा कठड्यावरून उठले तेव्हा नातू पुन्हा धावायला निघाला होता. आजोबांनी त्याची चप्पल आणि टॉवेल उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि पुन्हा बसले. "किती झाले?" त्यांनी घड्याळवाल्या पोराला विचारले.

"आजोबा, अजून दोन फेऱ्या."

"होऊ दे," आजोबा म्हणाले. "मी बसलोय."